वाचकांचे प्रश्न : ब्लेअर अ‍ॅथलला चार दिवस

मागच्या अंकात स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्ट या खोऱ्यातल्या खडकांवर माझा लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी खडकांविषयीचं पत्र एकच. बाकी सगळ्यांना विचारायचं होतं ते हे, की खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या त्या ब्लेअर अ‍ॅथल गावी जायचं कसं, राहायचं किती दिवस आणि तो पांढराशुभ्र कॅसल आतून बघता येतो का. मला त्याचं बरंच वाटलं. कॉलेजात तीस वर्षं भूशास्त्र शिकवलं, पण साताऱ्याच्या आमच्या डोंगरांतही मुलं आधी डोंगरासाठीच यायची. खडक त्यांना नंतर दिसायचे. माझी लेक नोकरीमुळे स्कॉटलंडमधल्या पर्थला असते. 2016 पासून मी चार वेळा ब्लेअर अ‍ॅथलला जाऊन राहिले आहे. जे पाहिलं आणि पायांनी चालले, त्याच्या आधारानं उत्तरं देते.

जूनमध्ये आम्ही पाचजण इंग्लंड-स्कॉटलंडला निघालो आहोत. हायलँडसाठी, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागासाठी, चार दिवस आहेत. सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि पंधरा वर्षांचा मुलगा आहे. टूरवाले म्हणतात, चार दिवसांत लॉक नेस, स्काय बेट, ग्लेन को सगळं दाखवतो. तिथं गाडी चालवायची आमची हिंमत नाही. काय करावं? – एक वाचक, ठाणे

एका गावात चार दिवस राहा. तुमच्या सासूबाईंचा विचार करूनच सांगते. मोठा फेरा घेतलात तर त्यांची हायलँड बसच्या काचेतून होईल, आणि रोज सकाळी सात वाजता बॅगा खाली आणायच्या ते वेगळंच.

ब्लेअर अ‍ॅथल सुचवते, कारण तिथं गाडी लागत नाही. पर्थ ते इन्व्हर्नेस हा रेल्वेमार्ग गावातूनच जातो. एडिंबराहून दोन तासांच्या आसपास लागतात, पर्थहून पाऊण तास. इन्व्हर्नेसची प्रत्येक गाडी इथं थांबत नाही, म्हणून वेळापत्रक नीट पाहून घ्या. अलीकडच्या पिटलॉख्रीला जास्त गाड्या थांबतात आणि तिथून हे गाव जेमतेम अकरा किलोमीटर आहे. लंडनच्या यूस्टन स्टेशनावरून रात्री निघणारी झोपायची गाडीही इथं थांबते. शनिवारी रात्री मात्र ती नसते. सकाळी डोळे उघडावेत तर खिडकीबाहेर डोंगर, आणि थोड्या वेळात आपलं स्टेशन. सासऱ्यांना हे फार आवडेल.

स्टेशनातून बाहेर आलात की गाव संपायला पाच मिनिटं लागतात. एक जुनं हॉटेल, काही घरगुती खोल्या, दुकान, पाणचक्की, आणि समोरच कॅसलचं फाटक. फाटकापासून कॅसलपर्यंत दुतर्फा लाइमच्या झाडांचा सरळ रस्ता आहे. आपलं लिंबू नव्हे. हृदयाच्या आकाराच्या पानांचं हे उंच झाड वेगळं. ज्येष्ठांना चालायला याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. कॅसलजवळ डायनाज ग्रोव्ह नावाची देवराईसारखी राई आहे. तिथले ग्रँड फर 60 मीटरच्या आसपास वाढले आहेत, म्हणजे वीस मजली इमारतीएवढे. त्याखाली बाकावर एक तास नुसतं बसू द्या त्यांना. पलीकडे नऊ एकरांची, चारी बाजूंनी भिंत घातलेली हर्क्युलीस गार्डन आहे: मधे तळी, कडेनं फळझाडं, आणि वरच्या बाजूला गदाधारी हर्क्युलीस. माझ्या आईला मी तिथं नेलं तेव्हा ती शिवामुठीची गोष्ट सांगत सगळी बाग फिरली होती.

एक दिवस पिटलॉख्रीहून टॅक्सी करून क्वीन्स व्ह्यूला जा. लॉक टमेल हा लांबोळा तलाव खाली पसरलेला दिसतो आणि त्याच्या पलीकडे शिहॅलियन हा 1,083 मीटरचा सुळक्यासारखा डोंगर. 1774 साली नेव्हिल मॅस्किलाइन या खगोलशास्त्रज्ञानं याच डोंगराच्या दोन बाजूंना ओळंबे टांगले, डोंगराच्या ओढीनं ते किती ढळतात हे मोजलं, आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढली. म्हणजे पृथ्वी तोलायला वजनाचं माप म्हणून हा डोंगर वापरला! हिशेब करणाऱ्या चार्ल्स हटननं सारख्या उंचीचे बिंदू रेषेनं जोडले. आज आपल्या टोपोशीटवर, म्हणजे भूरूपाच्या नकाशावर, ज्या समोच्च रेषा असतात, त्या इथं अशा कामाला लागल्या. मुलाला हे तिथं उभं राहून सांगा, घरी नको.

आम्ही दरवर्षी राजगड, तोरणा, रायगड करतो. ब्लेअर कॅसलचे फोटो पाहिले. तटबंदी नाही, बुरूज नावालाच, आत सोफे आणि झुंबरं. अशा ठिकाणी किल्लेप्रेमी माणसानं काय बघायचं? – एक वाचक, पुणे

तुमची तुलनाच थोडी चुकते आहे. राजगडाशी नको, एखाद्या सरदाराच्या गढीशी करा. लोकवस्तीची, पिढ्यान्‌पिढ्या नांदती गढी. आपल्याकडच्या बहुतेक गढ्यांच्या भिंती ढासळल्या, चौकटी विकल्या गेल्या. इथं एक गढी साडेसातशे वर्षं उभी राहिली तर कशी दिसेल, ते पाहायला मिळतं.

सुरुवातच बघा. 1269 मध्ये जॉन कॉमिन या शेजारच्या सरदारानं इथं बुरूज बांधायला घेतला. जमीन त्याची नव्हती. अ‍ॅथलच्या अर्लची होती आणि अर्ल धर्मयुद्धावर गेलेला. मालक परगावी गेला की शेजाऱ्यानं बांध कोरावा, तसंच. परत आल्यावर अर्लनं राजा तिसऱ्या अलेक्झांडरकडे तक्रार केली, जमीन परत मिळवली आणि बुरूजही ठेवून घेतला. त्या बुरुजाला आजही कमिंग्ज टॉवर म्हणतात.

मग 1746. पदच्युत स्टुअर्ट घराण्याच्या बॉनी प्रिन्स चार्लीनं गादीसाठी केलेल्या बंडात कॅसलचं मालक मरे घराणं मधोमध चिरलं गेलं. एक भाऊ जेम्स, म्हणजे इथला दुसऱ्या पिढीचा ड्यूक, लंडनच्या राजाच्या बाजूनं. थोरला विल्यम आणि धाकटा लॉर्ड जॉर्ज बंडखोरांच्या बाजूनं. मार्चमध्ये या वाड्यात सरकारी शिबंदी होती आणि बाहेरून वेढा घालून बसला होता कोण, तर लॉर्ड जॉर्ज मरे, म्हणजे याच घरातला मुलगा! आपल्या लहानपणच्या छपरावर त्यानं तापवून लाल केलेले तोफगोळे टाकले. आत उपासमार सुरू झाली, वाडा पडणार असं दिसत असताना त्याला इन्व्हर्नेसकडे बोलावणं आलं आणि वेढा उठला. ब्रिटनमधल्या कुठल्याही कॅसलला पडलेला हा शेवटचा वेढा. महिन्याभरात, 16 एप्रिलला, कलोडनच्या माळावर बंड संपलं. लॉर्ड जॉर्ज परदेशात परागंदा झाला आणि 1760 मध्ये तिकडेच वारला. पण त्याच्या मुलाचं लग्न ड्यूक काकाच्या मुलीशी झालं आणि गादी अखेर त्याच मुलाकडे आली. भाऊबंदकीच्या इतक्या कथा आपण ऐकून आहोत, तरी हे ऐकताना मी त्या जिन्यावर थांबले होते.

तटबंदी नाही, हे बरोबर आहे. बंडानंतर जेम्सनं बुरुजांची टोकं उतरवली, वाड्याचं साधं घर केलं. कॅसलपण त्यानं मुद्दाम काढून टाकलं होतं. 1870 च्या दशकात व्हिक्टोरियन हौसेत डेव्हिड ब्राइस या वास्तुकारानं बुरूज, कंगोरे सगळं पुन्हा चढवलं. म्हणजे फोटोत तुम्हाला जे 'मध्ययुगीन' दिसतं त्यातलं बरंचसं दीडशे वर्षांचं आहे. किल्लेप्रेमी माणसानं भिंत वाचावी, ती इथं भरपूर वाचायला आहे. नाचाच्या दालनात भिंतभर हरणांची शिंगं आहेत, दारातल्या दिवाणखान्यात हत्यारं आहेत. सोफ्यांकडे नाही पाहिलंत तरी चालेल.

आणखी एक. 1844 मध्ये राणी व्हिक्टोरिया इथं मुक्कामाला होती. तिच्या दिमतीला राहिलेल्या ड्यूकच्या माणसांना तिनं पुढच्या वर्षी निशाणं दिली. ते अ‍ॅथल हायलँडर्स आजही आहेत. युरोपात कायदेशीर असलेलं हे एकमेव खाजगी सैन्य. लढत नाहीत; मेच्या अखेरच्या शनिवार-रविवारी कॅसलपुढे संचलन करतात आणि पाठोपाठ हायलँड गेम्स होतात. ड्यूकचं घराणं दक्षिण आफ्रिकेत असतं. 1996 मध्ये दहावे ड्यूक वारले त्याआधी त्यांनी कॅसल आणि जमीन धर्मादाय न्यासाकडे दिली. वाडा राखायचा तर कुणीतरी हे करावं लागतं. आपल्याकडच्या किती वाड्यांच्या बाबतीत हे व्हायला हवं होतं, असं तिथल्या प्रत्येक दालनात मला वाटत राहतं.

कॅसल साधारण एप्रिल ते ऑक्टोबर उघडा असतो.

मे, जून की सप्टेंबर? – एक वाचक, औरंगाबाद

मे. दिवस मोठे असतात, डोंगरमाथ्यावर कधीकधी बर्फाचे पट्टे राहिलेले असतात आणि मुरकुटं अजून फारशी नसतात. ही हायलँडची मुरकुटं आपल्या चिलटांएवढी दिसतात पण चावतात, थव्यानं येतात, आणि पहाटे नि संध्याकाळी वारा पडला की डोळे उघडू देत नाहीत. वारा असला की ती उडूच शकत नाहीत, म्हणून उघड्या कड्यावर बसा, ओढ्याकाठच्या झाडीत बसू नका. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो, तो अनुभवही सोडू नये असाच. सप्टेंबर-ऑक्टोबरात लार्च आणि बर्च पिवळे पडतात, नर हरणांचं ओरडणं खोऱ्यात घुमतं. पावसाचं जॅकेट मात्र तिन्ही महिन्यांत लागतं. छत्री नेऊ नका, वारा ती मोडतो.

भूशास्त्रज्ञ जेम्स हटननं पाहिलेली ग्रॅनाइटची जागा अजून दिसते का? आम्हा विद्यार्थ्यांना ती पुस्तकातल्या चित्रातच माहीत आहे. – एम. एस्सी. भूशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर

दिसते. आणि हे पत्र मी चारदा वाचलं.

1785 च्या सप्टेंबरात जेम्स हटन (शिहॅलियनचा चार्ल्स हटन वेगळा) आणि त्याचा चित्रकार मित्र जॉन क्लार्क ड्यूकचे पाहुणे म्हणून खोऱ्यात वर फॉरेस्ट लॉजला उतरले होते. तेव्हाची समजूत अशी, की ग्रॅनाइट हा सगळ्यांत आधीचा खडक; आद्य समुद्रातून साखर खडी धरते तसा तो साठला आणि बाकीचे खडक त्यावर आले. हटनला वाटत होतं की ग्रॅनाइट खालून वितळलेल्या रूपात वर आला असावा. तसं असेल तर तो शेजारच्या खडकात घुसलेला सापडायला हवा. टिल्ट नदीच्या पात्रात, डेल-अन-एस पुलाच्या परिसरात, त्याला ते सापडलं: काळपट जुन्या खडकाला फोडून, त्याचे तुकडे पोटात घेऊन आरपार गेलेल्या तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा. त्याला इतका आनंद झाला की सोबतच्या वाटाड्यांना वाटलं, याला सोन्याची नाहीतर चांदीची शीर सापडली! हटनचा मित्र जॉन प्लेफेअर यानं ही हकिकत लिहून ठेवली आहे.

तुला हे समजायला नागपूरहून फार लांब जावं लागणार नाही. सह्याद्रीत घाट चढताना काळ्या बेसॉल्टच्या आडव्या थरांना उभी कापून गेलेली भित्ती दिसते ना, तर्क तोच: जो कापतो तो नंतरचा. फरक काळाचा. आपला दख्खनचा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. टिल्टचा ग्रॅनाइट चाळीस कोटींहून जुना, आणि तरी शेजारच्या खडकापेक्षा लहान. पहिल्यांदा गेले तेव्हा नदीचं पाणी कमी होतं. मी बूट काढून पात्रात उतरले आणि एका शिरेवर तळहात ठेवून उभी राहिले. शिकवताना तीस वर्षं फळ्यावर काढलेली ती रेघ खरी, ओबडधोबड, गार होती. पाणी वाढलेलं असेल तर उतरू नको. काठावरूनही पुष्कळ दिसतं. हातोडा घरी ठेव. गावापासून जाऊन-येऊन दिवस मोडतो, वाट रुंद आणि सोपी आहे. नदीच्या एका बाजूला नेमबाजीचं मैदान आहे. लाल झेंडा लागला असेल त्या दिवशी दुसऱ्या काठानं जायचं.

खोरं ड्यूकच्या जहागिरीचं म्हणता. मग तिथं चालायला परवानगी, शुल्क, गाइड असं काय काय लागतं? आणि बेन-अ-ग्लो चढायला कसा आहे? – एक गिर्यारोहक, नाशिक

काहीही लागत नाही. पण ते का लागत नाही, हे वाचूनच जा, कारण ही गोष्ट याच खोऱ्यात घडली आहे.

1847 च्या ऑगस्टमध्ये एडिंबरा विद्यापीठातले वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक जॉन बाल्फर विद्यार्थ्यांना घेऊन ब्रेमारच्या बाजूनं ग्लेन टिल्ट उतरत होते. वनस्पती गोळा करायची सहल. खाली स्वतः ड्यूक नोकरांसह वाट अडवून उभा. मागे फिरा, म्हणाला. शिकारीची हरणं बुजतात. वादावादी झाली, शेवटी प्राध्यापक आणि मुलं भिंतीवरून उड्या टाकून पळाली. पण प्रकरण तिथं मिटलं नाही. एडिंबरातल्या लोकांनी ड्यूकला कोर्टात खेचलं आणि ही वाट सर्वांची आहे हे कायम झालं. पुढे 2003 च्या स्कॉटलंडच्या जमीन सुधारणा कायद्यानं जवळजवळ सगळ्याच मोकळ्या जमिनीवर, डोंगरावर आणि पाण्यावर जबाबदारीनं वावरण्याचा हक्क लोकांना मिळाला.

विद्यार्थ्यांची सहल घेऊन मीही आयुष्यभर हिंडले. कुणाच्या बांधावरून, कुणाच्या फार्महाउसच्या कुंपणाशी हात जोडून. बाल्फर सरांचं नाव आपल्याकडे कुणाला माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

'जबाबदारीनं' हा शब्द कायद्यातला आहे. फाटक जसं असेल तसं ठेवायचं. मेंढ्यांमधून जायचं नाही, पिलं असतील तेव्हा तर नाहीच. कचरा, अगदी संत्र्याचं सालसुद्धा, परत आणायचा. ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. त्या दिवसांत वाटेवरच्या पाट्या वाचा आणि सांगितलेल्या वाटा धरा.

बेन-अ-ग्लोबद्दलही तुम्ही विचारलंत. गावामागच्या त्या डोंगररांगेत तीन मन्‍रो आहेत, म्हणजे 3,000 फुटांवरची शिखरं. 1891 मध्ये ह्यू मन्‍रोनं अशा शिखरांची यादी केली, आज ती 282 आहेत, आणि स्कॉटिश माणसं आयुष्यभर ती पुरी करत राहतात. तिघांतलं जवळचं कार्न लिया, 975 मीटर. आकडा पाहून मी 2016 साली फसले. कळसूबाई 1,646 मीटर केलेल्या बाईला 975 म्हणजे काय! लॉक मोरेगपासून कापडी बुटांवर निघाले. निम्म्यावर ढग उतरला, वारा असा की उभं राहवेना, बोटं बधिर झाली, समोरची वाट पाच पावलांवर पुसली गेली. मेचा महिना होता. परत फिरले आणि खाली आल्यावर तासभर चहाचा कप नीट धरता येत नव्हता. दुसऱ्या वेळी लेकीनं होकायंत्र, नकाशा, लोकरीची टोपी, हातमोजे, जादा खाणं हे सगळं पिशवीत भरल्याशिवाय सोडलं नाही, आणि त्या वेळी माथ्यावरून उत्तरेकडे केर्नगॉर्मचं सगळं पठार दिसलं.

अडचण आली तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचे. ती पथकं स्वयंसेवकांची असतात, पैसे घेत नाहीत. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या. आणि घरी आल्यावर पायांवर गोचीड बसली आहे का ते पाहा; लहानशी असते, तिच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. ती उपटायची खास आकडी औषधाच्या दुकानात मिळते. पूर्ण विजार घाला, मोज्यात खोचा.

मुलाला साहसी खेळ हवेत, मला इतिहास. दोघांना एकत्र कुठं नेता येईल? – एक आई, डोंबिवली

किलिक्रँकी. गावापासून पाच-सहा किलोमीटरवर गॅरी नदीची खोल घळ आहे. गॅरी ब्रिजवरून सुमारे 40 मीटर खाली बंजी उडी मारता येते. वजनाच्या, वयाच्या अटी आधी विचारून घ्या. टमेल नदीवर रॅफ्टिंग होतं, कॅसलच्या जमिनीवर घोडदौड आणि सायकली आहेत.

तुमच्यासाठी घळीतलीच लढाई. 27 जुलै 1689. डोंगरउतारावरून हायलँडर कुळांनी संध्याकाळी एकदम धाव घेतली आणि जनरल मॅकेचं सरकारी सैन्य काही मिनिटांत फुटलं. पळताना डोनाल्ड मॅकबेन नावाच्या एका शिपायानं नदीवरून 18 फुटांची उडी मारून जीव वाचवला. ते खडक 'सोल्जर्स लीप' म्हणून दाखवतात. वरून बघा, कडेला जाऊन फोटो काढू नका, शेवाळ असतं. जिंकणाऱ्यांचा सेनापती, क्लॅव्हरहाउसचा जॉन ग्रॅहम, त्याच धावेत गोळी लागून पडला. त्याला ब्लेअर कॅसलशेजारच्या सेंट ब्राइड्स चर्चमध्ये पुरलं. ते चर्च आज बिनछपराचं आहे, गवत वाढलेलं आहे आणि बहुतेक पर्यटक तिकडे वळत नाहीत. तुम्ही वळा.

परतीच्या दिवशी ब्रुआरचा धबधबा. 1787 मध्ये कवी रॉबर्ट बर्न्स तिथं आला तेव्हा काठ उघडेबोडके होते. त्यानं ओढ्याच्याच तोंडून ड्यूककडे अर्ज केला: माझ्या काठाला झाडं लावा, मासे उन्हानं मरतात. ड्यूकनं खरोखरच लावली. आज तुम्ही सावलीतून चढता.

आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. उपाशी तर राहणार नाही ना? – एक वाचक, कोल्हापूर

नाही. सूप-पाव, भाजलेला बटाटा, मॅकरोनी चीज सगळीकडे मिळतं. मेंढीच्या हृदय-यकृत-फुप्फुसांचं हॅगिस प्रसिद्ध आहे, पण डाळी-ओट्सचं शाकाहारी हॅगिसही मिळतं, तिखट मिरी घातलेलं, आपल्याला आवडतं. सूप कशाच्या रश्श्यात केलंय ते मात्र विचारा. गावच्या पाणचक्कीत ओट दळतात. दुधात नाही, पाण्यात, चिमूटभर मीठ घालून शिजवलेली ओटची पेज एकदा खाऊन बघा. माझ्या आईला ती आमच्या घरच्या कण्यांच्या पेजेसारखी लागली. संध्याकाळी स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, आठच्या आत जेवायला बसा. आणि मेतकूट न्याच.

आमच्या जिल्ह्यात असईची लढाई झाली. तिथं हायलँडर पलटणी होत्या असं वाचलं. त्यांच्या गावी त्याची काही खूण आहे का? – एक शिक्षक, भोकरदन

आहे. 23 सप्टेंबर 1803 ला केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या ज्या गोऱ्या पायदळ पलटणी होत्या, त्या 74 वी आणि 78 वी, दोन्ही हायलँडर. 74 वी गावाच्या समोरच तोफांच्या तोंडी सापडली आणि जवळजवळ संपली. दोन्ही पलटणींना निशाणावर हत्ती आणि 'असई' हा शब्द मिळाला. आपल्या एका खेड्याचं नाव त्या दिवसापासून स्कॉटलंडच्या पलटणी मिरवत आल्या.

78 वी पलटण 1793 मध्ये उत्तरेकडच्या रॉस-शायरमधून उभी केली होती. आदल्याच वर्षी तिथल्या शेतकऱ्यांनी मेंढ्यांचे कळप हाकलून लावले होते, कारण जमीनदार मेंढ्यांसाठी माणसांना उठवत होते. त्या वस्त्यांमधली पोरं तुमच्या नदीकाठी येऊन मेली आणि त्यांच्या तोफांपुढे आपली पोरं मेली. तुम्ही विद्यार्थ्यांना असईला नेता असं लिहिलंत, दोन्हीकडचं सांगा. ब्लेअर अ‍ॅथलहून रेल्वेनं इन्व्हर्नेस दीड तासावर आहे. तिथून जवळच समुद्रात घुसलेल्या जिभेवर फोर्ट जॉर्ज आहे. कलोडननंतर हायलँडला वचकात ठेवण्यासाठी बांधलेला. त्यात या पलटणीच्या वारशाचं संग्रहालय आहे. गेलात तर असईची मूठभर माती न नेता तिथला नकाशा नेऊन दाखवा. सीमाशुल्कवाले मातीला अडवतात, नकाशाला नाही.

सॅमन मासे खरंच उड्या मारतात का? आम्ही मेमध्ये येणार आहोत. मी सहावीत आहे. – वाचक, चिपळूण

हो, खरंच मारतात. पिटलॉख्रीला धरण बांधलं तेव्हा प्रश्न आला की समुद्रातून परत येणारे मासे वर अंडी घालायला जाणार कसे? म्हणून धरणाच्या कडेनं त्यांच्यासाठी पाण्याचा जिना केला आहे: 34 टाक्या, एकीपेक्षा दुसरी थोडी उंच. टाक्यांना पाण्याखालून जोडणाऱ्या वाटा आहेत, त्यामुळे जिन्यात मासे उडीपेक्षा पोहूनच जास्त चढतात. मोकळ्या नदीत, धबधब्याशी, उड्या दिसतात. वाशिष्ठीच्या काठची आहेस, पाण्याकडे बघत थांबायचं कसं हे तुला मी शिकवायला नको. मेमध्ये मासे यायला लागलेले असतात. मी पहिल्या दिवशी पाऊण तास उभी होते, काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस पडून गेल्यावर गेले, कठड्याला हनुवटी टेकली, आणि तिसऱ्या टाकीत माझ्या हाताएवढी एक काळी पाठ वळली.